वासाचा गावठी गुलाबी गुलाब कुंडीत जगवायचाय, कटिंग तीनदा मेलं

कुंडीतली_माती | १४ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

सासूबाईंच्या वाईच्या घरी मागच्या परसात एक गावठी गुलाब आहे. गुलाबी, म्हणजे फिका नाही आणि राणी कलरही नाही, त्याच्या मधला. पाकळ्या मोजायला बसलं तर कंटाळा येईल इतक्या, फूल पूर्ण उमललं की पसरट वाटीसारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या पाकळ्या खाली. फुलदाणीत ठेवायच्या लायकीचा अजिबात नाही. पण वास! मागचं दार उघडं असेल तर सोप्यात बसून कळतं की आज फुललाय. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तो तिथे आहे, त्यांच्या आधी कोणी लावला ते त्यांनाही माहीत नाही.

आता प्रॉब्लेम असा की दिवाळीनंतर मागची भिंत पाडून तिथे दोन खोल्या काढायच्या ठरल्यात आणि गुलाब नेमका त्या भिंतीला टेकून आहे. झाड जुनं, बुंधा मनगटाएवढा, उपटून दुसरीकडे लावलं तर जगेल याची कुणी खात्री देत नाही. म्हणून मी कटिंग आणायला लागले. तीन प्रयत्न, तिन्ही फेल:

पहिल्यांदा फेब्रुवारीत सहा काड्या ओल्या पेपरात गुंडाळून आणल्या, बागेच्या मातीत लावल्या, आठव्या दिवशी चक्क पालवी फुटली. मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, विसाव्या दिवशी सगळ्या काळ्या. दुसऱ्यांदा व्हिडिओ बघून कोरफड आणि मध लावला, त्यावर बुरशी आली आणि मुंग्याही आल्या. तिसऱ्यांदा मागच्या पावसाळ्यात दहा काड्या लावल्या त्यातली एक नोव्हेंबरपर्यंत तग धरून होती. मुळं आली का बघायला मी उपटून बघितली. हो, मीच. नका बोलू काही.

शिवाय दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एका नर्सरीकडून 'गुलकंदाचा दमास्क गुलाब' म्हणून साडेचारशेला रोप मागवलं होतं. ते आता माझ्या खांद्याएवढं झालंय आणि आजपर्यंत एक कळी नाही. टेरेस पश्चिमेला आहे, ऊन दुपारी बारापासून पाचपर्यंत, पुणे.

वाईचा तो दमास्कच का? आणि कटिंग जगवायची काही खात्रीची पद्धत आहे का? वेळ फक्त दिवाळीपर्यंत आहे.

चहाबाज | १४ जून, रात्री ११.१५

ताई सोप्पं आहे, वापरलेली चहापत्ती धुऊन घालायची आणि केळीच्या साली तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी. आमच्याकडे गुलाब असे लागतात की पाणी घालायला जागा नाही.

विदर्भी_ऊन | १४ जून, रात्री ११.३२

कोणता गुलाब भाऊ? फोटो टाका ना.

चहाबाज | १४ जून, रात्री ११.४०

बायकोचा आहे, लाल, नाव नाही माहीत 😅

बापूकाका_नाशिक | १५ जून, सकाळी ६.०५

केळीच्या सालीच्या पाण्यात पोटॅश असतं थोडंफार, पण त्यापेक्षा त्यात चिलटं जास्त होतात. ज्या काडीला मूळच नाही तिला खत म्हणजे आजाऱ्याला जेवणाचं ताट वाढण्यासारखं. ते बाजूला ठेवू.

ताई, ओळखायला मला चार गोष्टी हव्यात. काटे किती आणि कसे, पानाची मागची बाजू हाताला कशी लागते, कळीच्या खाली जो फुगीर भाग असतो त्याचा आकार, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे वर्षातून किती वेळा फुलतो. वाईचं आणि ऑनलाइनवालं, दोन्हीचं सांगा.

कुंडीतली_माती | १५ जून, दुपारी १.२०

काका, सासूबाईंना फोन लावला. वाईचा: काटे कमी, पण आहेत ते वाकडे आणि दणकट, साडी धरून ठेवतात (त्यांचे शब्द). पान गुळगुळीत, वरून जरा चकाकतं. कळीखालचा भाग गोलसर. फुलं वर्षभर, मे महिन्यात बारीक येतात आणि श्रावणात कमी, दिवाळी ते होळी भरपूर.

माझा ऑनलाइनवाला: काटेच काटे, मोठे बारीक सगळे मिक्स, अगदी केसांसारखे बारीक पण आहेत. पान फिक्कट राखाडी हिरवं, मागून मऊ, लव असल्यासारखं. कळी असती तर सांगितलं असतं 😑

बापूकाका_नाशिक | १५ जून, दुपारी ४.४५

मग उत्तर मिळालं. तुमच्या ऑनलाइनवाल्याने फसवलेलं नाही, रोप दमास्कच दिसतंय. फक्त ते तुमच्या हवेचं नाही.

हा दमास्क वर्षातून एकदाच फुलतो. कनौज, अलीगढकडचं हसायन, गाझीपूर, राजस्थानात पुष्कर, हे सगळे त्याचे पट्टे. तिकडे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, झाड झोपतं आणि मार्च-एप्रिलला महिनाभर सगळं शेत एकदम फुलतं. पहाटे तोडायचं आणि लगेच अत्तरासाठी भट्टीवर, तांब्याच्या डेगेत. एक किलो तेल काढायला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, म्हणून त्या तेलाची ती किंमत. माझ्याकडे नाशिकला थंडी बऱ्यापैकी पडते तरी माझा दमास्क फेब्रुवारीच्या शेवटी पंधरा दिवस फुलतो आणि मग वर्षभर नुसतं काटेरी झुडूप. पुण्यात टेरेसवर, सिमेंटच्या उबेत, तो कशाला फुलतोय.

वाईचा जो आहे तो बूर्बाँ जातीतला, आपल्याकडे नर्सरीत जुनी माणसं त्याला एडवर्ड गुलाब म्हणतात. मूळ नाव 'रोज एदुआर', त्याचं एडवर्ड झालं. हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे, त्याचं जुनं नाव बूर्बाँ. तिथे शेताच्या कुंपणाला दोन गुलाब लावायची पद्धत होती, एक दमास्कचाच पण शरदात दुसऱ्यांदा फुलणारा वेगळा प्रकार आणि दुसरा चीनचा बारमाही गुलाबी, ज्याला 'ओल्ड ब्लश' म्हणतात. कुंपणात दोघांचा आपोआप संकर झाला आणि १८१७ च्या सुमारास तो तिथल्या फ्रेंच माळ्याच्या नजरेत भरला. वास दमास्ककडून घेतला आणि पुन्हापुन्हा फुलायची सवय चिन्याकडून. म्हणून आपल्या हवेत तो निवांत असतो. पूर्वी आपल्याकडे कलमी गुलाबाचे डोळे (फांदीवरचे कोंब) भरायला खुंट, म्हणजे खालचं मुळाचं झाड, म्हणून पण हाच वापरायचे, इतका चिवट.

कटिंगचं रात्री लिहितो, आता नातवंडाला क्लासला सोडायचंय.

पेठेतला | १५ जून, संध्या. ५.१०

बापूकाका, इतकी वर्षं आम्ही गावठी गावठी म्हणून ज्याला नाकं मुरडली तो फ्रेंच निघाला 😂

गुलकंदप्रेमी | १५ जून, संध्या. ६.३०

थोडं अवांतर. नूरजहाँने गुलाबाच्या अत्तराचा शोध लावला असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण जहांगीरने स्वतःच्या आठवणींत श्रेय तिच्या आईला, अस्मत बेगमला दिलंय. म्हणजे शोध बादशहाच्या सासूबाईंचा. या धाग्यातही सासूबाईंचाच गुलाब आहे म्हणून सांगितलं.

कुंडीतली_माती | १५ जून, संध्या. ६.५५

@गुलकंदप्रेमी हे मी वाईला वाचून दाखवणार आहे, पुढचे दोन महिने ऐकून घ्यावं लागेल.

अनुजा_रत्नागिरी | १५ जून, रात्री ८.२०

आमच्याकडेही हाच असणार मग, आजीच्या वेळचा. जांभ्यात लावलेला आहे, पाणी एक मिनिट थांबत नाही म्हणून जगलाय, नाहीतर इथल्या पावसात गुलाब म्हणजे वेडेपणाच. जुलैत पानांवर काळे ठिपके पडून पूर्ण बोडका होतो. पूर्वी मी घाबरून औषधं मारायचे, आता फक्त खाली पडलेली पानं रोजच्या रोज वेचून टाकते, झाडाखाली कुजू देत नाही, कारण पावसाचे थेंब तिथूनच बुरशी परत वर उडवतात. ऑगस्ट संपला की आपोआप नवीन पालवी.

माझा प्रश्न, फांद्या दहा-दहा फूट वाढतात आणि फूल फक्त टोकाला! शिडी लावून काढावं लागतं. छाटलं की परत तेच. काय करायचं?

बापूकाका_नाशिक | १५ जून, रात्री ९.५०

अनुजाताईंचा प्रश्न आणि मूळ प्रश्न, दोन्हीचं उत्तर एकच आहे. फांदी वाकवा.

आधी कटिंग का मेली ते. काडीत स्वतःचं साठवलेलं अन्न असतं, त्यावर ती आठ-दहा दिवसांत पालवी फोडते. त्याला मूळ लागत नाही. आपण पालवी बघून खूश होतो, आत साठा संपतो, मूळ आलेलं नसतं, काडी काळी. फेब्रुवारीत पुढे उन्हाळा, म्हणून पाण्यावाचून मेली. पावसाळ्यात बुरशीने मेली. बागेची माती, शेणखत घातलेली, ही काडीसाठी सर्वात वाईट. नुसती धुतलेली रेती किंवा रेती आणि कोकोपीट निम्मं निम्मं, पेन्सिलीएवढी जाड काडी, नुकतंच फूल येऊन गेलेली, चार डोळ्यांची, दोन डोळे आत दोन बाहेर, आणि वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली पालथी, ही पद्धत चालते. पण दहात तीन-चार जगतात. तुमच्याकडे वेळ एकाच मोसमाचा आहे, आणि आईझाड अजून जिवंत आहे. मग काडी तोडायचीच कशाला?

दाब कलम करा. आपले आजोबा पणजोबा हेच करायचे, त्यांना ना पावडर माहीत होती ना कोरफड.

आत्ता मृग लागलाय, हीच वेळ. वाईला जा. गेल्या वर्षीची, हिरवट तपकिरी, वाकवली तर न मोडणारी लांब फांदी निवडा, फार जून नको आणि अगदी कोवळी पण नको. टोकापासून साधारण दीड फूट मागे, एका डोळ्याच्या लगेच खालच्या बाजूला धारदार चाकूने तिरका काप द्या, दीड इंच लांब, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. काप परत मिटू नये म्हणून आत काडेपेटीची काडी अडकवा (गुल काढून). मग जमिनीत चार इंच खळगा, तळाला रेती, त्यात कापाची बाजू खाली ठेवून फांदी दाबा, वाकवलेल्या तारेचा आकडा मारा, माती टाका आणि वर एक चपटा दगड. दगड वजनासाठी तर आहेच पण त्याच्याखाली ओल टिकते. टोक वर काढून काठीला बांधा. झालं. आईझाड त्या फांदीला अन्नपाणी पुरवत राहतं म्हणून ती मरत नाही, आणि कापाजवळ अडलेल्या रसामुळे मुळं तिथे सुटतात. तीन ते साडेतीन महिने. पाच-सहा फांद्या दाबा, एकावर विसंबू नका.

आणि उपटून बघायचं नाही. ताई, तुम्हालाच सांगतोय.

कुंडीतली_माती | १५ जून, रात्री १०.१२

🙈 काका शब्द देते. रविवारी वाई.

न्यूजर्सीची_नमू | १६ जून, सकाळी ७.४०

अनुजा, वाकवायचं उत्तर मी देते कारण ते मी करून बसलेय. माझ्याकडे बॅकयार्डमध्ये 'लुईझ ओदिए' आहे, १८५१ चा बूर्बाँ, म्हणजे तुमच्या गुलाबाचा लांबचा चुलत भाऊ. तोही असाच उंच जायचा आणि टोकाला दोन फुलं देऊन गप्प. इथे शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत त्यांनी दाखवलं. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या सगळ्या डोळ्यांना दाबून ठेवतो, शेंड्यातून एक द्रव्य खाली उतरतं ते त्यांना फुटू देत नाही. फांदी आडवी केली की शेंड्याची दादागिरी संपते आणि ओळीने प्रत्येक डोळा फुटतो, आणि प्रत्येक फुटव्याला फूल. पूर्वी इंग्लंडात लोक वाफ्यात खुंट्या मारून सगळ्या फांद्या जमिनीलगत बांधायचे. मी कुंपणाच्या जाळीला आडव्या बांधते. पहिल्या वर्षी एका फांदीवर १७ फुलं मोजली, आधी दोन यायची.

एकदम वाकवू नका, कडकन मोडते. पाऊस पडून गेल्यावर, फांदी रसरशीत असताना, तीन-चार दिवसांत थोडी थोडी.

अनुजा_रत्नागिरी | १६ जून, सकाळी ९.०५

गडग्यावर बांधते मग आडव्या! किती वर्षं शिडी लावतेय मी, आणि बाबा कातरीने टोकं कापत बसायचे.

विदर्भी_ऊन | १६ जून, दुपारी २.३०

नागपुरात हे जमते का बाप्पा? आमच्याकडे मे मध्ये ४५ च्या वर जाते. माह्या कुंडीतला गुलाब एप्रिलपासून सुपारीएवढी फुलं देते, वास शून्य. मार्चपर्यंत मस्त असते.

बापूकाका_नाशिक | १६ जून, दुपारी ३.१५

वासाचं तेल उन्हात उडून जातं आणि उन्हाळ्यात फूल घाईने उमलतं, पाकळी भरतच नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडून फुलाची अपेक्षाच करू नका. कळ्या खुडून टाका, ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, कुंडीवर पालापाचोळ्याचा दोन इंच थर, आणि पाणी सकाळीच. त्याला दोन महिने नुसतं जगू द्या. कुंडी काळ्या प्लास्टिकची असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा, मुळं भाजतात त्यात.

पेठेतला | १६ जून, दुपारी ४.००

पण काका, गावठीचं एकेक पानही सात छोट्या पानांचं असतं का हो? आमचे माळीबुवा म्हणतात सात पानं दिसली की रानटी फुटवा, कापून टाका. त्यांनी आमचा एक पूर्ण साफ केला असा.

बापूकाका_नाशिक | १६ जून, दुपारी ४.२०

जुन्या गुलाबांना पाच पण असतात आणि सात पण. पानं मोजून फांदी कापायची नसते. फांदी कुठून निघालीय ते बघायचं. कलमी झाडात जो सांधा असतो, गाठ, त्याच्या खालून आली तर ती खुंटाची, कापा. गावठी स्वतःच्याच मुळावर असतो, दाब कलमाचाही तसाच, तिथे सांधाच नाही. जमिनीतून कितीही फुटवे येऊ देत, सगळे त्याचेच. तुमच्या माळीबुवांनी निरपराध्याला फाशी दिली.

कुंडीतली_माती | २२ जून, रात्री ९.३०

रिपोर्ट. रविवारी वाईला जाऊन आले. सात फांद्या दाबल्या. एक वाकवतानाच मोडली, सासूबाईंनी "हं" केलं फक्त, पण ते "हं" मला पुण्यापर्यंत ऐकू येत होतं. उरल्या सहा. दगड परसातलेच. काडेपेटीच्या काड्या अडकवताना सासूबाई शेजारी बसून बघत होत्या आणि म्हणाल्या आमचे मामंजी असंच करायचे मोगऱ्याला. मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे तू विचारलं कुठे, तू व्हिडिओ बघत होतीस.

चहाबाज | २२ जून, रात्री ९.४१

सासूबाई १, व्हिडिओ ० 😂

गुलकंदप्रेमी | २३ जून, सकाळी ८.१५

ताई वाईला फुलं आहेत तोवर एक बरणी गुलकंद घालून घ्या, पुढे दोन वर्षं रोप लहान असेल. आत्ता नाही, आत्ता पाण्याने पाकळ्या भिजलेल्या असतात, बुरशी धरते. पाऊस संपला की करा. उमलताना सकाळी तोडायची, पाकळ्या सुट्या करून सावलीत कापडावर तासभर, नुसतं अंगचं दव जाईपर्यंत. वजनाला जितक्या पाकळ्या तितकी खडीसाखर जाडसर कुटून, गोड हवं तर दीडपट. काचेच्या बरणीत थर पाकळीचा थर साखरेचा, तोंडाला फडकं बांधून रोज उन्हात, रोज कोरड्या चमच्याने ढवळायचं. तीन ते चार आठवड्यांत काळपट तपकिरी आणि पातळ होतो. गुलाबी राहिला तर समजायचं रंग घातलाय किंवा अजून झाला नाही.

बाजारातल्या हारवाल्याकडच्या फुलांचा कधीच करू नका, त्यावर काय काय मारलेलं असतं देव जाणे. ही फुलं शोभेसाठी वाढवलेली असतात.

चहाबाज | १९ ऑगस्ट, दुपारी १२.१०

धागा वर काढतोय. बायकोच्या गुलाबाची नवीन पानं पिवळी पडतायत, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चहापत्ती बंद केली आहे 🙏 पाणी बोअरचं.

बापूकाका_नाशिक | १९ ऑगस्ट, दुपारी १.०५

चहापत्तीचा दोष नाही यात. बोअरच्या पाण्यात चुना जास्त, माती अल्कधर्मी होते, मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नवीन पानात दिसतं म्हणजे लोहच. (जुन्या खालच्या पानात दिसलं असतं तर वेगळं.) कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त पडतं पण चुनखडीच्या मातीत घातलं की थोड्याच दिवसांत निकामी होतं. सध्या पाऊस आहे तर कुंडी उघड्यावर ठेवा आणि गच्चीवरच्या पन्हाळीचं पाणी घाला, ते सर्वात उत्तम औषध आणि फुकट.

अनुजा_रत्नागिरी | २ सप्टेंबर, संध्या. ७.३०

कुणीतरी पानांच्या कडेला अगदी गोल गोल, कात्रीने कापल्यासारखे तुकडे काढून नेतंय. अळी दिसत नाही. काय मारू?

न्यूजर्सीची_नमू | ३ सप्टेंबर, सकाळी ६.५०

काही मारू नकोस गं! ती एक एकटी राहणारी मधमाशी आहे, पान कापून घरट्यातल्या पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. पान खात नाही. झाडाला काही होत नाही. मी एकदा अर्धा तास बसून बघितली, एका तुकड्याला दहा सेकंद पण लागत नाहीत तिला, पायात धरून उडते तेव्हा हिरवा कागद उडाल्यासारखं दिसतं.

कुंडीतली_माती | १२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मोठा रिपोर्ट, चहा घेऊन बसा.

दसरा आटोपून काल वाईला गेलो. पुण्याहून निघताना मी ठरवलं होतं की काकांनी सांगितल्याशिवाय दगड हलवायचा नाही, फोन करून विचारलं तर म्हणाले आधी हलकं ओढून बघा, जमिनीने धरलंय का. सहापैकी एक फांदी ओढल्याबरोबर हातात आली, काप मिटून गेला होता, काडी निसटलेली. एक वाळलेली. चार घट्ट! मग पहिला दगड उचलला. खाली दोन गोगलगायी, एक गोम (किंचाळले) आणि ओलसर काळी माती, आणि बोटाने माती बाजूला केली तर कापाच्या जागेवरून पांढरी मुळं, शेवयांसारखी, बोटभर लांब, सगळीकडे पसरलेली. मी तिथेच चिखलात बसले. सासूबाई वाकून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, परत माती सारून दगड जागेवर ठेवला त्यांनी स्वतःच.

काकांच्या सांगण्यावरून आईझाडाच्या बाजूने फांद्या कापल्या पण रोपं हलवली नाहीत, पंधरा दिवस तिथेच, म्हणजे स्वतःच्या मुळावर जगायची सवय. २६ ला परत जाणार, मातीच्या गोळ्यासकट काढणार.

कुंडीचं सांगा आता.

बापूकाका_नाशिक | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

शाब्बास. चार म्हणजे छान.

१६ इंची कुंडी, पण लगेच नाही. आधी १० इंचीत, मग उन्हाळ्याआधी मोठीत. लहान मुळांना मोठी कुंडी दिली की न वापरलेल्या मातीत पाणी साचून राहतं. तांबडी माती निम्मी, जुनं कुजलेलं शेणखत पाव, रेती पाव, मूठभर निंबोळी पेंड. पहिला दीड महिना दुसरं कुठलंही खत नाही. ऊन तुमच्याकडे दुपारचं आहे, तर पहिले दहा दिवस सावलीत आणि मग हळूहळू पुढे. या वर्षी छाटणी नाही. कळी आली तर पहिल्या दोन-तीन खुडून टाका. मला माहितीये तुम्ही खुडणार नाही.

दमास्कचं काय केलंत?

कुंडीतली_माती | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

तो महाबळेश्वरला दिला, नणंदेकडे. तिथे थंडी आहे, करू दे त्याला काय करायचं ते.

विदर्भी_ऊन | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.००

आमच्याकडे आता मस्त हवा सुरू झाली. मी पण दोन फांद्या कुंडीतल्या कुंडीत दाबून ठेवल्या होत्या जुलैमध्ये, बाजूला दुसरी कुंडी ठेवून. एक लागली वाटते. बघितलं नाही. शप्पथ.

अनुजा_रत्नागिरी | २० डिसेंबर, सकाळी ८.४५

गडग्यावर आडव्या बांधलेल्या फांद्यांचा रिझल्ट. सगळा गडगा गुलाबी झालाय, वाटेवरून जाणारे थांबतात. आज सकाळी देवाला वाहून, शेजारी देऊन, वेणीत घालून परत परडीभर उरली. बाबा दोन दिवस त्या गडग्याकडे बघत उभे असतात आणि कातर कुठे ठेवलीय ते आता विचारत नाहीत.

कुंडीतली_माती | ९ जानेवारी, सकाळी ७.३०

अनुजा, फोटो बघून जीव जळला 😄

इकडचं, चारपैकी तीन जगली. वाईची भिंत पडली, गुलाबही गेला. कामगारांना सांगून बुंधा काढून अंगणात पुरलाय एका बाजूला, सासूबाई रोज तांब्याभर पाणी घालतात, अजून तरी हिरवा नाही.

काका, तुमचं बरोबर होतं, मी कळी खुडली नाही. आज पहाटे उमलली. एकच, आणि वाईच्या निम्म्या आकाराची. नवऱ्याला उठवून बाहेर आणलं, तो म्हणाला हा आमच्या परसाचा वास आहे आणि मग दात घासायला निघून गेला. आज ते फूल डब्यातून सासूबाईंकडे जातंय, मी फूल टिशूत नाही, पत्रावळीच्या पानात गुंडाळलंय.

बापूकाका_नाशिक | ९ जानेवारी, सकाळी ७.५०

माहीत होतं. आता निदान दुसरी खुडा.

पेठेतला | ९ जानेवारी, सकाळी १०.२०

ताई, आमचा माळीबुवांनी मारलेला. पुढच्या पावसाळ्यात एक फांदी आमच्यासाठी दाबाल का? पेठेतून कोथरूडला चालत येईन.

कुंडीतली_माती | ९ जानेवारी, सकाळी १०.४४

दोन रोपं माझी, एक वाईला परत जाणार. जूनमध्ये दाबते, ऑक्टोबरात न्या. येताना रिकामी कुंडी घेऊन या, माझ्या कुंड्या लोक घेऊन जातात आणि परत आणत नाहीत.